पालथा पेला

पाण्याला लाकडाचा वास आला. त्याने आधी नळाकडे संशयाने पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडे, आणि मग बराच वेळ नुसतंच समोरच्या भिंतीकडे. शनिवारची दुपार, अडीच वाजून गेलेले. सकाळपासून उजव्या भुवईवरची शीर ठणकत होती म्हणून त्याने गोळी तोंडात टाकली, आणि टाकल्यावर लक्षात आलं की स्टीलचे पेले सगळे घासायला पडलेत. ओट्यावर कोरडा असा एकच पेला होता आणि तो त्याचा होता: काचेचा, बुडाशी गोल, गळ्याशी आवळलेला, तोंडाशी जरासा उमललेला. अकरा वर्षांत त्यात बिअरशिवाय दुसरं काहीही ओतलं गेलं नव्हतं. लेक शाळेत असताना तिने एकदा त्यात सरबत मागितलं होतं, तर त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. बायको या पेल्याच्या सोवळ्याची यथेच्छ टिंगल करायची आणि त्याला कधी हात लावायची नाही. पण आता गोळी जिभेवर विरघळत होती, घसा कडू होत होता, सोवळं सांभाळायला वेळ नव्हता. त्याने पेला नळाखाली धरला आणि घोट घेतला. गिळल्यावर सवयीने नाकातून श्वास सोडला, बिअर पिताना सोडतो तसाच, हळू. आणि मागून तो वास आला. जुनं लाकूड, जरासं तेलकट, बंद खोलीतलं. हे शब्द त्याचेच होते. बिअरबद्दल लिहिलेले.

त्याने एक स्टीलचा पेला घासला, त्यात त्याच नळाचं पाणी घेतलं. पाणी पाण्यासारखं होतं. पुन्हा काचेच्या पेल्यात. लाकूड. पुन्हा स्टील, पुन्हा काच, तीनदा, कारण कुठलीही गोष्ट तीनदा केल्याशिवाय खरी मानायची नाही ही त्याच्या नोकरीची शिस्त होती. मग तो बैठकीच्या खोलीत गेला, कोपऱ्यातल्या कपाटासमोर उभा राहिला आणि त्याने दोन्ही दारं उघडली. मधल्या फळीवर, डावीकडे, पेल्याच्या तोंडाएवढा एक गोल वळ उमटलेला होता. अकरा वर्षं पेला तिथे पालथा ठेवलेला. धूळ जाऊ नये म्हणून पालथा. साबणाने फेस मरतो म्हणून कधी साबण लावलेला नाही, फडक्याचे धागे राहतात म्हणून कधी पुसलेला नाही, नुसता गार पाण्याने विसळून, निथळून, पालथा. त्याने मान आत घातली. फळीला नाक लागेपर्यंत. तिथे तो वास असा भरून बसला होता, की आपण इतकी वर्षं हे कपाट उघडतो-मिटतो आणि आपल्याला कळलं नाही याचीच त्याला लाज वाटली. घरातला वास घरातल्या माणसाला येत नाही, हे तो स्वतःच नवख्यांना शिकवायचा.

काम त्याचं वजनमापं तपासायचं. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं पेटीत घालून दुकानोदुकानी जायचं. काटा आधी रिकामा बघायचा, शून्यावर येतो का, मग त्यावर वजन ठेवायचं. आधी भरलेला काटा बघतो तो या कामात शिकाऊ. काटा खोटा निघाला तर त्याचा शिशाचा शिक्का मालकाच्या देखत तोडायचा आणि मालकाच्या डोळ्यांत बघून सांगायचं, आता यावर काही तोलायचं नाही. सव्वीस वर्षं तो हे करत होता. दुकानदार चहा पुढे करत, तो घेत नसे. बिअरवेड्यांच्या 'घोट' नावाच्या संकेतस्थळावर नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने 'काटेकोर' घेतलं ते उगीच नाही. छोट्या छोट्या भट्ट्यांवर हाताने बनवलेल्या बिअरी शोधून काढायच्या, प्यायच्या, आणि रंग, फेस, वास, चव आणि अंग, म्हणजे घोटाचा जडपणा, अशा पाच रकान्यांत पाच-पाचपैकी गुण द्यायचे, असा तिथला रिवाज. चार हजारांवर सभासद, एकमेकांची खरी नावं न कळलेले. कुणी 'फेसाळ', कुणी 'आठवी बाटली', कुणी 'भिजकं पोतं'. यातल्या एकाने कुठल्या तरी आडगल्लीत एखादी बाटली हुडकून काढली की बाकीचे दोन दिवस तिच्या मागे लागणार. पहिल्या वर्षी तो नुसता वाचायचा. कुणी तरी एका बिअरीला 'पावसाळी चपलांचा वास, पण वाईट अर्थाने नाही' असं लिहिलं होतं, आणि ते वाचून तो एकटाच मोठ्याने हसला होता. बोलायला शब्द नसलेल्या गोष्टींना इथे लोक शब्द शोधत होते. दिवसभर त्याला दोनच शब्द लागत, बरोबर आणि चूक. संध्याकाळी बिअरीसमोर बसलं की मात्र संत्र्याची साल, जळका पाव, ओली माती, नवी वही असं काय काय डोक्यात यायचं, आणि आपण आतून इतके काही आहोत याचं त्याला नवल वाटायचं.

आणि त्या सगळ्यांत त्याची म्हणून एक ओळख झाली होती ती लाकडाची. काटेकोर यांना लाकूड सापडतं. जिथे कुणाला सापडत नाही तिथे सापडतं. सुरुवातीला थट्टा व्हायची, आज फळी निघाली की खुंटी, असं विचारायचे. मग थट्टेचा आदर झाला. मेळाव्यांना तो स्वतःचा पेला पंच्यात गुंडाळून घेऊन जायचा, दुसऱ्याच्या काचेला तोंड लावायचा नाही, आणि नवी मुलं ते बघून आपापले पेले आणू लागली. त्याच्या नाकाला फसवता येत नाही असं लोक म्हणायचे आणि ते त्याला आवडायचं, खोटं कशाला बोला. पुढल्या महिन्यात वर्षाचा मोठा मेळावा होता. तिथे पाच पंच बसतात, वर्षातली उत्तम बिअर ठरवतात, आणि यंदा अकरा वर्षांत पहिल्यांदा पाचात त्याचं नाव होतं. पत्र येऊन चारच दिवस झाले होते. बायकोला त्याने ते दोनदा वाचून दाखवलं होतं.

तो टेबलाशी बसला आणि संगणकाला स्वतःच्याच नोंदींत 'लाकूड' हा शब्द शोधायला सांगितला. सहाशे त्रेचाळीस नोंदी. दोनशे अकरांत लाकूड. खाली खाली जाताना त्याला वाटत होतं आपण दुसऱ्याच कुणाची वही चोरून वाचतोय. 'मागे जुनं लाकूड, सुखद.' 'लाकूड आहे पण बेताचं.' 'लाकडाने घात केला.' ज्या बिअरी काळ्या, दाट, करपट, त्यांत तो वास खपून गेला होता, नव्हे, शोभून दिसला होता, त्यांना गुण चढे दिले होते. ज्या हलक्या होत्या त्यांची वाट लागली होती. आणि मग ती आली, येणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. 'संथ'. गव्हाची बिअर, फिकट, शहराबाहेर एका बाईने एकटीने चालवलेल्या भट्टीची. पाचपैकी सरासरी पावणेदोन गुण. 'पहिल्या घोटाला स्वच्छ वाटते. मग ओल्या फळीचा वास वर येतो आणि शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. भट्टीत कुठेतरी सडकं लाकूड आहे. शोधा.' ते 'शोधा' लिहिताना त्याला बरं वाटलं होतं हे त्याला आता अगदी नीट आठवलं. त्याच्या खाली आठवडाभरात सात जणांना फळी जाणवली. 'काटेकोर यांनी लिहिल्यावर मीही पुन्हा प्यायलो, आणि खरंच!' असं एकाने लिहिलं होतं. सगळ्यांच्या खाली त्या बाईचं उत्तर. 'आमच्याकडे लाकूड कुठेच नाही, सगळं स्टील आहे. तरी शोधते.' आणि तीन महिन्यांनी आणखी एक ओळ, 'संथ बंद केली आहे.' त्या ओळीला त्याने पसंतीचा अंगठा दिला होता. चूक सापडल्यावर माल मागे घेणारा माणूस प्रामाणिक, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. अंगठा अजून तिथे होता. दीड वर्षापूर्वीचा.

फेसाळ म्हणजे संकेतस्थळ चालवणारा माणूस, आवाजावरून साठीचा, कुठल्याशा कॉलेजात हिशेबनीस. पंच त्यानेच निवडले होते. संध्याकाळी पाच वाजता याने त्याला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. 

"पाण्यालासुद्धा?" फेसाळने विचारलं.

"पाण्यालासुद्धा."

"अहो, मग पेला धुवा ना! एवढं काय त्यात? धुवा आणि गप्प बसा."

"आणि आधीच्या नोंदी?"

"राहू द्या. बिअर म्हणजे काय सोनं आहे तोलायला? ज्याचं त्याचं नाक. तुमचं वाचून लोक शिकलेत, काटेकोर. त्यांना आता काय सांगू, तुमचे गुरुजी कपाट हुंगत होते म्हणून? दोनशे नोंदी काढल्या तर सगळ्या सरासऱ्या हलतील. निदान महिनाभर थांबा. मेळावा होऊ द्या. मग हळूच काय ते."

"मेळाव्यात मी पंच म्हणून बसलो आणि मग सांगितलं, तर ते जास्त वाईट."

"मग सांगूच नका!" फेसाळ हसला, आणि मग खोकला. "तुम्ही लिहिलंत तर मला तुमचं नाव काढावं लागेल. माझा नाइलाज आहे. विचार करा."

"केला," तो म्हणाला. खरं तर केला नव्हता. पण ते बोलल्यावर कपाळावरची शीर एकदम मऊ पडली, गोळीने पडली असेल, आणि आपल्याला काय करायचंय ते त्याला स्पष्ट दिसलं. दुकानदार कधी कधी हात जोडत, साहेब, सणासुदीचे दिवस आहेत, पुढल्या आठवड्यात तोडा शिक्का. तो कधीच थांबला नव्हता. आज चुलत्याचं दुकान असतं तरी थांबला नसता, असं तो मित्रांना फुशारकीने सांगायचा. आता दुकान त्याचंच होतं.

बायको तलावावरून आली तेव्हा तो लिहीत बसला होता. ती बायकांना पोहायला शिकवायची. दार उघडलं की तिच्याआधी क्लोरिनचा वास घरात यायचा, आणि तो वास आपल्याला रोज येतो, कपाटाचा मात्र आला नाही, हे त्याच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. तिने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि पेला पाण्याने भरलेला बघून ती थबकली.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. ती न हसता ऐकत होती, मग न राहवून हसली, मग पुन्हा गंभीर झाली. पेला उचलून तिने हुंगला.

"हा वास? हा तर तुझ्या सगळ्या रुमालांना येतो. खालच्या खणात असतात ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला आवडतो. बाबांच्या कपाटाचा वास आहे, म्हणून मी काही बोलत नव्हते." ती त्याच्या शेजारी बसली. पडद्यावरचं वाचू लागली. त्याने लिहिलं होतं : 'माझ्या पेल्याला लाकडाचा वास आहे. बिअरींना नव्हता. पेला अकरा वर्षं कपाटाच्या फळीवर पालथा होता. सोबत दिलेल्या दोनशे अकरा नोंदी मी मागे घेत आहे. उरलेल्याही भरवशाच्या नाहीत. पंच म्हणून बसायला मी लायक नाही. संथ या बिअरीत दोष नव्हता. दोष शोधायला मी सांगितलं, ती चूक माझी.' तिने 'लायक नाही' या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे काढ. रडगाणं वाटतं. 'मी बसणार नाही' लिही."

त्याने तसं केलं आणि बटण दाबलं. तासाभरात खाली तीस-चाळीस उत्तरं जमली. काहींनी शाबासकी दिली, काहींनी शिव्या दिल्या, आणि एकाने, बहुधा त्याच सातांतल्या, कळवळून लिहिलं, 'पण मला खरंच लाकूड जाणवलं होतं हो!' सव्वासात वाजता पंचांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. तो ते बघत बसला. दुखलं, चांगलंच दुखलं. मग त्याने उद्याच्या बसची वेळ बघितली.

बस तिसऱ्या थांब्यापासून रिकामीच होती. मांडीवर पंच्यात गुंडाळलेला पेला, पंचा तोच, मेळाव्याचा. खिडकीतून गोदामं, मग गोदामांच्या मधली मोकळी जागा, मग मोकळ्या जागेतली गोदामं. भट्टी जुन्या टायरांवर नवं रबर चढवायच्या एका कारखान्याच्या मागे होती, आणि बाहेर जळक्या रबराचा असा दर्प होता की इथे माणूस बिअर करायला का आला असेल असं कुणालाही वाटावं. आत मात्र सगळं ओलं, धुतलेलं, स्टीलचं. चार टाक्या, रबरी नळ्या, भिंतीवर तापमानाचे आकडे खडूने लिहिलेले. बाई पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या, आधी शाळेत रसायन शिकवायच्या असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने नाव सांगितलं, म्हणजे काटेकोर हेच सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला नाही.

"वाचलं काल," त्या म्हणाल्या. "इथे यायची काय गरज होती?"

"तुमच्यासमोर सांगायला हवं होतं."

"सांगून झालं का मग?"

त्याने पेला काढला. त्यांनी तो घेतला, उजेडात धरून फिरवला, एका नळीतून त्यात कोमट पाणी घेतलं, तळव्याने तोंड झाकून हलवलं आणि नाकाशी नेलं. शाळेत बाई उत्तरपत्रिका बघतात तशा त्या पेल्याकडे बघत होत्या.

"अळशीचं तेल," त्या म्हणाल्या. "लाकूड नाही हे, तेल आहे. जुनं. कपाटाला आतून तेल दिलं होतं का कुणी?"

"वडिलांनी. ते सुतार होते."

"आतून तेल दिलं तर वास उडेपर्यंत दारं बसवायची नसतात. सुताराला माहीत असतं हे." मग त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "तुम्ही सगळ्यांना फेसालाही कमीच गुण देता. मी तेव्हाच बघितलं होतं. फेस लवकर बसतो, फेस लवकर बसतो. काचेला तेलाचा हात असला की बसतोच. पण मला वाटलं, एवढा जाणता माणूस, पेला तर स्वच्छ असेल."

 त्यांनी पेला मोरीपाशी नेला, सोडा टाकला, साबण टाकला, बाटल्यांचा ब्रश आत घालून खसाखसा घासला, कडक पाण्याने दोनदा धुतला आणि उलटा न ठेवता सरळ त्याच्या हातात दिला. दोन मिनिटं लागली असतील. त्याने पाणी घेतलं, प्यायला, श्वास सोडला. काहीच नाही. काही नसणं किती मोठं असतं ते त्याला त्या क्षणी कळलं.

"संथ आहे का एखादी बाटली?" त्याने विचारलं. "पुन्हा नोंद करतो. सगळ्यांसमोर."

"गव्हाची बिअर दीड वर्षं थांबते का? तुम्हाला माहीत नाही?"

"मग पुन्हा कराल?"

बाई टाकीला टेकून उभ्या राहिल्या. "तुमचं वाचून मी तीन महिने शोधलं. वॉशर बदलले, नळ्या बदलल्या, एक टाकी उघडून आत उतरले. काही सापडेना. मग राहिलं धान्य. धान्य माझी बहीण बघायची. धाकटी. गहू हातात घेऊन सांगायची, हा चालेल, हा नाही. मी तिला म्हटलं, तू ओला गहू घेतलास, तुझं लक्ष नाही. ती म्हणाली, नाही घेतला. मी म्हटलं, अख्खं जग सांगतंय, तू एकटी शहाणी?" त्यांनी ब्रश बादलीत टाकला. "त्या दिवसापासून ती येत नाही. बोलतही नाही. कालचं वाचून मी रात्रभर फोन हातात घेऊन बसले होते. लावायचं धाडस झालं नाही."

 बाहेर टायरच्या कारखान्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला.

"तुम्ही सांगा तिला," बाई एकदम म्हणाल्या. "मला कशाला सांगता? मला कळलंच होतं लिहिलेलं वाचून. तिला सांगा." आणि त्यांनी फोन लावून त्याच्यापुढे धरला.

तो पळून जाऊ शकला असता. चार वाक्यं जुळवायलाही वेळ नव्हता. पलीकडे चार-पाच वेळा रिंग झाली आणि एक बाईचा आवाज, ताठ, म्हणाला, "बोल."

"मी तुमची ताई नाही," तो म्हणाला. "मी तो लाकूडवाला. ज्याने संथला फळीचा वास येतो असं लिहिलं. तो वास माझ्या पेल्याला होता. तुमच्या गव्हात काही नव्हतं. मी न तपासता लिहिलं."

"न तपासता?"

"हो. बाकी सगळं तपासलं. पेला नाही."

 मग ती म्हणाली, "दीड वर्ष मी गव्हाचा दाणा हातात धरला की मला माझाच संशय येतो. कळतंय का तुम्हाला?"

"आता कळतंय."

"तिला द्या."

त्याने फोन दिला. बाई टाक्यांच्या मागे गेल्या. बूट ओल्या फरशीवर चुबुक चुबुक वाजत राहिले, मधूनच "अगं", मधूनच "ऐक तरी", आणि मग बराच वेळ नुसतं "हं". परत आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज शिक्षिकेचा होता.

"उद्या येते म्हणाली. भांडायला येते म्हणाली."

"बरं झालं," तो म्हणाला.

"बरं काय? तिचं भांडण तुम्ही बघितलं नाहीये." पण त्यांनी त्याला दारापर्यंत सोडलं, आणि पेला पंच्यात गुंडाळायला लागला तर पंचा हातातून काढून घेतला. "यालाही तोच वास आहे. वर्तमानपत्रात गुंडाळा."

परतीच्या बसमध्ये त्याला हलकं वाटायला हवं होतं. जे करायचं ते त्याने केलं होतं, शिक्का मालकाच्या देखत तुटला होता. तरी छातीत काहीतरी अडकून राहिलं होतं आणि ते संथचं नव्हतं. सुताराला माहीत असतं हे. बाई सहज बोलून गेल्या होत्या. बाबांना माहीत होतं, अर्थातच होतं. चाळीस वर्षं रंधा, लाख, स्पिरिट, तेल. त्यांनी इतर कुणाचं कपाट असं बंद केलं नसतं. त्या स्पिरिटनेच त्यांचं नाक गेलेलं. आईने दूध करपवलं तरी त्यांना कळायचं नाही, फूल पुढे केलं तरी नुसते बघायचे. हे कपाट त्यांनी त्याच्या लग्नासाठी केलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, अंगणात, आतून-बाहेरून तेल देऊन, आणि दारं वेगळी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. रोज सकाळी ते विचारायचे, वास गेला का, आणि तो ऑफिसला निघता निघता वाकून हुंगायचा, सांगायचा, आहे अजून. सव्वीस वर्षांचा होता तो तेव्हा, नोकरी कायम झालेली, लग्न ठरलेलं, पाय जमिनीवर नसलेला. एका रविवारी तीनच्या सिनेमाची दोन तिकिटं त्याच्या खिशात होती आणि ती, तेव्हा बायको नव्हती, कोपऱ्यावर येऊन थांबलेली. बाबा हात पुसत आले, हातात पेचकस. बघ रे जरा, वास गेला का? दारं बसवून टाकतो, पाहुणे यायला लागतील. कपाट पाच पावलांवर होतं. तो सँडलचा पट्टा लावत होता. वर न बघताच म्हणाला, गेला बाबा, बसवा. आणि निघाला. सिनेमा कुठला होता तेही आता आठवत नव्हतं. परत आला तेव्हा दारं बसली होती आणि बाबा कपाटाला टेकून खुशीत चहा पीत होते. त्यांनी खात्री करून घेतली नाही, कारण करून घेण्यासारखं नाक त्यांच्याकडे उरलं नव्हतं. मुलाचं होतं. त्यावर ते विसंबले. बाबा जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. बसच्या खिडकीला डोकं टेकवून तो बसला. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघेपर्यंत आपण रडतोय हे त्याला कळलं नाही.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलत होती. त्याने चप्पल काढली, पेला खिडकीशी सरळ उभा करून ठेवला, सरळ, तोंड वर, आणि खालच्या खणातून पेचकस काढला. लाकडी मुठीचा, बाबांचाच. बायको मोजे वाळत घालत होती ती तशीच दारात येऊन उभी राहिली. त्याने फळ्यांवरचं सगळं उतरवून जमिनीवर मांडलं, मग डाव्या दाराच्या वरच्या बिजागरीला हात घातला. स्क्रू बावीस वर्षं कुणी हलवलेले नव्हते. पहिला निघता निघेना. तळहाताला फोड आला तेव्हा निघाला. दुसरा. तिसरा. बिजागरीखाली लाकूड कोवळं होतं, आणि त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, डावं दार.

"काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"दारं काढतोय. वास जाऊ दे."

"सगळा जाईल मग." तिने हातातला मोजा खांद्यावर टाकला. "तुला चालेल?"

त्याने शेवटचा स्क्रू काढला. दार अंगावर आलं, ते तिने येऊन धरलं, आणि दोघांनी ते भिंतीला टेकवलं. मग उजवं. उघडं कपाट एकदम लहान दिसायला लागलं. संध्याकाळचं ऊन मधल्या फळीपर्यंत पोचलं, पेल्याच्या त्या गोल वळावर. तो गुडघ्यांवर बसला, आत वाकला, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. एकदा. थांबून पुन्हा. तिसऱ्यांदा. घाई नव्हती, खिशात तिकिटं नव्हती.

"नाही गेला, बाबा," तो म्हणाला. "आहे अजून."